थोपटलं की सोडायचं

मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई छान शांतपणे सांगत होती आणि मध्येच तिचा आवाज चढला. आवाज पहिल्यापासूनच चढलेला आहे.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवते, रंग जुळवते, घासूनपुसून चकचकीत करते. त्यामुळे घरात माझ्यावरचे विनोद ठरलेले. "वहिनीच्या वाटेला जाऊ नका, आधी दात पाडेल आणि मग नवे बसवून देईल," असं माझा दीर आल्यागेल्याला सांगतो.

या दिराची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, आमच्याच खालच्या मजल्यावर राहते. पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान आहे. आमचं कधी भांडण झालं नाही, पण गूळपीठही नव्हतं. बोलणं व्हायचं ते सासूबाईंची औषधं आणि पाण्याची टाकी एवढ्यापुरतं. एक दिवस ती वर आली आणि दारातूनच म्हणाली, "ताई, माझ्याबरोबर जुजुत्सू शिकायला याल का?"

"काय शिकायला?"

तिच्याकडे केस कापून घ्यायला येणारे एक नळदुरुस्तीवाले संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये ही जपानी विद्या शिकवायचे. दांडग्या माणसाने मनगट धरलं, गळा धरला, तर त्याचाच जोर वापरून सुटायचं कसं आणि त्याला आडवं करायचं कसं, अशी ती जुनी विद्या. धाकटीला फार दिवसांपासून जायचं होतं, पण एकटीला धीर होत नव्हता. दोन मैत्रिणींना विचारून झालं होतं, त्या नाही म्हणाल्या म्हणून माझा नंबर लागला, हेही तिने सांगून टाकलं. त्या खरेपणासाठीच मी हो म्हटलं.

हॉलमध्ये कायम रबराचा वास यायचा. जमिनीवर हिरव्या गाद्या, भिंतीला लागून चपलांची रांग, एका खिडकीची काच फुटलेली आणि तिथे पुठ्ठा. आत येताना वाकून नमस्कार करायचा, जोडीदाराला वाकून नमस्कार, जातानाही. शिकवणाऱ्यांना सेन्सेई म्हणायचं, म्हणजे गुरुजी. सेन्सेईंच्या नखांत दिवसभराच्या कामाचा काळा मळ असायचा, पण त्या पांढऱ्या पोशाखात ते उभे राहिले की वेगळेच दिसायचे.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी आम्हाला एकही डाव दाखवला नाही. सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, "इथे सगळ्यात आधी सोडायला शिकायचं. तुमचा जोडीदार तुम्हाला त्याचा हात देतो, मान देतो. उसना देतो. दुखायला लागलं की तो थोपटेल. गादीवर, तुमच्या अंगावर, स्वतःच्या मांडीवर, जिथे हात पोचेल तिथे. थोपटलं की सोडायचं. त्याच क्षणी. का थोपटलं हे विचारायचं नाही."

मला ते फार आवडलं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला विचारा, तिने आयुष्यात किती वेळा थोपटलं आणि समोरच्याने किती वेळा सोडलं. इथे निदान एक खोली अशी होती, जिथे तसा नियमच होता.

मग कित्येक आठवडे नुसतं पडणं. मागे पडा, कुशीवर पडा, कोलांटी घेऊन पडा, पडताना गादीवर सपकन हात मारा, हनुवटी छातीला टेकवा. घरी जिना चढताना कण्हत होतो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पडायला शिकायला जाता होय गं? माझ्याकडे या, न्हाणीघर दाखवते." आम्ही दोघी जिन्यातच बसून हसलो. लग्नानंतर आम्ही दोघी मिळून पहिल्यांदा कशावर हसलो असू तर ते त्या दिवशी.

पडता पडता ती मला कळत गेली. पार्लरमध्ये बायकांच्या बडबडीला हूं हूं करणारी ही बाई गादीवर मांजरासारखी चपळ होती. तिच्या मनगटात कात्रीची सवय होती. कुठे किती दाबायचं ते तिला न सांगता समजायचं. मी मात्र ओंडका. "ताई, श्वास सोडा, नाहीतर तुम्हाला पाडायला मला क्रेन लागेल," असं ती माझ्या कानात म्हणायची.

आता सेनापतीबद्दल. हे नाव आम्ही ठेवलेलं. तो गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करायचा, आवाज भारदस्त, हसणं त्याहून भारदस्त. तपकिरी पट्टा होता त्याचा. काळ्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली होती. सेन्सेईंना कामामुळे उशीर झाला की वर्ग तोच घ्यायचा. निम्मे विद्यार्थी त्याने आणलेले, नव्या गाद्या त्याच्या ओळखीतून मिळालेल्या. त्यामुळे हॉलमध्ये त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि तो सोडायचा नाही. म्हणजे सोडायचा, पण थोपटल्यावर एक क्षण थांबून. तेवढ्यात डोळ्यांत पाणी यायचं. मग हसून म्हणायचा, "सवय करा, ताई. बाहेर कुणी थोपटलं म्हणून सोडणार नाही." दांडग्या पुरुषांशी असं करताना मी त्याला कधी पाहिलं नाही. नव्या मुली, आम्ही बायका, आणि एक निवृत्त पोस्टमन यायचे, ते काका. एवढ्यांनाच ही जास्तीची शिकवणी मिळायची.

धाकटीने सेन्सेईंना सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "अंगात जोश आहे त्याच्या. मी बोलतो." बोलले असतील किंवा नसतील. फरक काही पडला नाही.

मग एका शाळेच्या मैदानावर आमच्या क्लबचं प्रात्यक्षिक ठरलं. सेनापतीला आपले डाव दाखवायला हलकी, चांगली पडणारी जोडीदार हवी होती. त्याने धाकटीला निवडलं. "तू छान पडतेस," म्हणाला. ती खूश झाली. मीही झाले, खोटं कशाला बोलू?

तालमीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्याच गादीवर पोस्टमनकाकांबरोबर होते. डाव असा होता, की तिने त्याची कॉलर धरायची, त्याने तिचा हात काखेत घेऊन वळायचं, खाली बसायचं आणि तिचं कोपर उलट्या बाजूला ताणायचं. पहिल्यांदा झालं. दुसऱ्यांदा झालं. मग काही लोक बघायला थांबले, आणि सेनापतीला चेव आला. गर्रकन वळला आणि धपकन बसला. धाकटी पालथी पडली आणि तिने थोपटलं. मी ऐकलं. गादीवर थोपटलं, मग त्याच्या पायावर थोपटलं, मग तोंडाने "थोपटलं, थोपटलं" म्हणाली. तो वर बघणाऱ्यांकडे बघून हसत होता. आणि मग ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला.

ती किंचाळली नाही. तोंडाचा आ झाला आणि त्यातून आवाजच निघेना.

"अरेच्चा," सेनापती उठत म्हणाला, "थोपटायचं ना! मला ऐकूच आलं नाही."

मला ऐकू आलं होतं. काकांना ऐकू आलं होतं. फुटक्या खिडकीपाशी पट्टा बांधत बसलेल्या मुलीला ऐकू आलं होतं. तिचा हात ज्याच्या काखेत होता, त्या एकट्यालाच ऐकू आलं नव्हतं!

कोपराचे बंध फाटले होते. डॉक्टरांनी हात बांधून गळ्यात अडकवला आणि सांगितलं की बरा होईल, पण पूर्वीसारखा सरळ होईल याची खात्री नाही. उजवा हात. कात्रीचा हात.

घरी आल्यावर मला वाटलं होतं की लोक सेनापतीला शिव्या घालतील. छे! सासूबाईंनी कपाळाला हात लावला: "तरी मी म्हणत होते, बायकांनी ही असली थेरं कशाला करावी." दीर माझ्याकडे वळला: "वहिनी, तुम्ही मोठ्या. तुम्ही तरी तिला अडवायचं." माझा नवरा तसा भला माणूस, पण भलेपणाचा त्याला आजार आहे. तो म्हणाला, "झालं ते झालं. आता वाढवू नकोस. जाऊ दे."

"जाऊ दे, जाऊ दे काय?" मी म्हटलं. "एकच तर जाऊ आहे मला, ती कुणाकुणाला देऊ?"

पलंगावर बसलेली धाकटी इतक्या दुखण्यातही फिसकन हसली, आणि मग रडायला लागली. तेव्हा कुठे दिराने माझा पिच्छा सोडला.

तिचं दुकान बंद पडलं. काही गिऱ्हाइकं थांबतो म्हणाली, काही समोरच्या दुकानात गेली. ती रिकाम्या खुर्चीत बसून डाव्या हाताने कात्री चालवून बघायची, बाहुलीच्या डोक्यावर. संध्याकाळी मी तिची वेणी घालायला खाली जायचे. सेनापतीचा एक फोन नाही, निरोप नाही. सेन्सेई एकदा आले, फळं ठेवली आणि सासूबाईंना म्हणाले, "फार वाईट वाटलं हो, आजी." सासूबाईंना! कोपर काय सासूबाईंचं गेलं होतं?

मी त्यांना गाठायला गेले तेव्हा ते एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मोरीखाली झोपून पाइप खोलत होते. नुसते पाय दिसत होते. मी पायांशीच बोलले.

"सेन्सेई, तिने थोपटलं होतं."

पाना फिरायचा थांबला. "अपघात होतात, ताई. तिने थोडं उशिरा थोपटलं असेल."

"मी शेजारी होते. तिने तीनदा सांगितलं त्याला."

"परीक्षा तोंडावर आलीय त्याची. इतकी वर्षं मेहनत केलीय त्याने. आता हे उकरून काढलं तर क्लबचं नाव खराब होईल." ते बाहेर सरकले, हात पुसले, पण माझ्याकडे बघेनात. "तुम्ही दोघी थोडे दिवस विश्रांती घ्या. सगळं शांत होऊ दे."

हात मोडला तिचा, आणि विश्रांती आम्ही घ्यायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे! मी म्हटलं, "मी विश्रांती घेणार नाही. मी येणार." आणि निघाले. रस्ताभर दात इतके आवळले होते की घरी पोचेपर्यंत कानशिलं ठणकायला लागली. कवळ्या करणाऱ्या बाईने असं करू नये, हे मला ठाऊक आहे.

मी गेले. हॉलमध्ये धाकटीही आली होती. हात गळ्यात, चपला काढून भिंतीपाशी बसली. तिला मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "कोपर मोडलंय ताई, डोळे फुटले नाहीत माझे."

सेन्सेईंनी जोड्या लावायला सांगितलं. डाव तोच होता, कोपराचा. परीक्षेत लागायचा म्हणून. मी चालत जाऊन सेनापतीसमोर उभी राहिले आणि वाकून नमस्कार केला. सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना.

पहिली पाळी माझी होती. त्याने माझी कॉलर धरली, मी त्याचा हात काखेत घेतला, वळले, बसले. ओंडका असले तरी हा डाव मी रात्रंदिवस डोक्यात घोळवला होता. तो पालथा पडला. त्याचं कोपर माझ्या छातीपाशी होतं, सरळ, ताणलेलं, आणि मला कळलं की आता फक्त मागे रेलायचं आहे. एवढंच. त्याने थोपटलं. माझ्या मनात जे आलं ते मी इथे सांगणार नाही. मी सोडलं. त्याच क्षणी.

मग त्याची पाळी आली. त्याने हसत छाती पुढे काढली, मी कॉलर धरावी म्हणून. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काय झालं, ताई?"

"माझा हात तुला मिळणार नाही."

"हा भरतकामाचा वर्ग नाही," तो मोठ्याने म्हणाला. "इथे घाबरून चालत नाही."

"घाबरले नाही. हात उसना देतात तो परत करणाऱ्याला. तू परत करत नाहीस."

मग पोस्टमनकाका घसा खाकरून म्हणाले, "माझाही मिळणार नाही." खिडकीपाशी बसायची ती मुलगी उठून धाकटीच्या शेजारी जाऊन बसली. बाकीचे आपापल्या पायांची बोटं मोजत उभे होते. सेनापतीने आणलेली पोरं तर उघड माझ्याकडे रागाने बघत होती.

सेन्सेई चिडले. माझ्यावरच. "हा काय तमाशा?" म्हणत ते पुढे आले. "भीती घालवायची असेल तर बघा. माझा हात घे रे." आणि त्यांनी सेनापतीची कॉलर धरली.

सेनापती वळला, बसला. सुरेख, सावकाश, फुलाला हात लावावा तसा. सेन्सेई पालथे पडले आणि त्यांनी एका बोटाने, फक्त एका बोटाने, गादीवर टिचकीसारखं थोपटलं. आवाजसुद्धा झाला नाही.

त्याने ताबडतोब सोडलं.

सेन्सेई गादीवर तसेच पालथे पडून राहिले. वाटलं, यांनाही लागलं की काय. मग हळूच उठून बसले आणि ज्या बोटाने थोपटलं होतं त्याच्याकडे बघत राहिले.

"ऐकू येतं की याला," भिंतीपाशी बसलेली धाकटी म्हणाली. आवाज न चढवता.

सेनापती हसायला गेला, पण ते हसू जमलं नाही. "सेन्सेई, ही काय तुलना झाली? तुम्ही—"

"मी काय?" सेन्सेईंनी विचारलं. "मी काय, सांग ना."

तो आपल्या पट्ट्याची गाठ सारखी करायला लागला. सेन्सेई म्हणाले, "आजचा वर्ग संपला," आणि नमस्कार न करताच कपडे बदलायला गेले. इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं.

आता तुम्हाला वाटेल, न्याय झाला. थांबा. सेन्सेईंनी त्याला परीक्षेला पाठवलं नाही, हे खरं. ते आमच्या घरी आले तेव्हा पुन्हा सासूबाईंसमोरच हात जोडायला लागले. धाकटी म्हणाली, "माझ्याकडे बघून बोला." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे." ती म्हणाली, "हो, आहे." चहा दिला तिने त्यांना, पण राहू दे, असू दे, असं काही म्हणाली नाही. मला तिचा अभिमान वाटला.

पण सेनापतीने माफी मागितली नाही, ती नाहीच. तो आपली पोरं घेऊन बाहेर पडला आणि बाजारातल्या एका जिममध्ये त्याने स्वतःचा वर्ग काढला. काय शिकवतो, ऐका: महिलांसाठी स्वसंरक्षण! फलकावर त्याचा हात छातीवर बांधलेला फोटो. आणि बायका जातात. मुलींना घेऊन आया जातात. त्यांना काय माहीत?

धाकटीच्या हाताची पट्टी सुटली. कोपर थोडं वाकलेलंच राहिलं. लांब केस कापताना हात खालपर्यंत पोचत नाही म्हणून तिला बुटक्या स्टुलावर बसावं लागतं आणि दुपारनंतर हात दुखतो. पण दुकान सुरू झालं. मी आणि काका अजून हॉलमध्ये जातो. आता तिथे आम्ही मोजकीच माणसं उरलोय.

परवा मी तिच्याकडे केस रंगवायला बसले होते. शेजारच्या खुर्चीत एक कॉलेजची मुलगी, आणि मागच्या बाकावर आणखी दोघी-तिघी. मुलगी सहज म्हणाली, "मी पुढच्या आठवड्यापासून स्वसंरक्षण शिकायला जाणार आहे, त्या जिममध्ये." धाकटीने कात्री खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कोण, कुठे, कसं थोपटलं, कसं सोडलं नाही. नाव घेऊन. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मला नंतर कळलं की ती महिनाभर हेच करतेय, खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीला सांगतेय.

आणि बातमी पोचायची तिथे पोचली असणार, कारण तेवढ्यात तोच दारात उभा. शोरूमचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"तुम्ही माझी बदनामी करताय," तो म्हणाला. "मी वकिलाकडे जाईन."

माझ्या डोक्याला रंग, गळ्याभोवती प्लास्टिक. मी ताडकन उठणार, तर धाकटीने मला खांद्यावर दाबून बसवलं. ती दारापर्यंत गेली. त्याच्यासमोर तिने उजवा हात पूर्ण पुढे केला. जेवढा होतो तेवढा.

"एवढाच होतो," ती म्हणाली. "यात काय खोटं आहे ते वकिलाला दाखवा. मी येते तुमच्याबरोबर. आत्ता येऊ?"

बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. त्याने त्या हाताकडे बघितलं नाही. आरशाकडे, जमिनीवरच्या केसांकडे, माझ्या रंगलेल्या डोक्याकडे, सगळीकडे बघितलं, पण हाताकडे नाही. मग "बघून घेतो" असं काहीतरी पुटपुटत पायऱ्या उतरून गेला.

"या पुन्हा," धाकटी त्याच्या पाठीमागून म्हणाली. आणि कॉलेजच्या मुलीला विचारलं, "पुढचे केस किती आखूड करू?"